रेक्झीनवरची भोकं

अप्पांना खुर्चीत बसवताना पहिली अडचण आली ती खुर्चीचीच. बसण्याआधी त्यांनी गादीच्या कडेची शिवण बोटानं चाचपली, चष्मा कपाळावर सारला आणि नाक तिथं नेलं.

"ही कुणी घातली?"

"अप्पा, तुम्ही तिच्यात बसायचंय. ती दुरुस्त करायची नाहीये," शलाका म्हणाली.

"बसतो की. पण चार महिन्यांत उसवंल ही. दोरा लई ओढून घेतलाय."

शिवलिंग हिंगमिरे, वय एकाहत्तर. बत्तीस वर्षं एसटीच्या कार्यशाळेत त्यांनी बसच्या सीटा शिवल्या होत्या. महाराष्ट्रातली निम्मी जनता आपल्या शिवणीवर बसून गेली आहे आणि एकानंही खाली बघितलेलं नाही, असं ते म्हणत. तक्रारीच्या सुरात नव्हे, हिशेब सांगितल्यासारखं. आज ते मनोमापन संस्थेत आले होते, कारण त्यांची एकुलती एक मुलगी, डॉ. शलाका, इथं काम करत होती, आणि बापाला इथं आणायची कल्पना तिचीच होती.

"आता काय करणार ते तरी सांगा," अप्पा म्हणाले.

सांगण्याचं काम संस्थेच्या प्रमुख डॉ. अरुंधती फणसळकर यांनी घेतलं. बाईंना समजावून सांगायला आवडे. समोरच्याला समजलं की नाही, हे बघायला तेवढं आवडत नसे.

"माणसाच्या हातून चूक झाली, की सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात मेंदूच्या पुढच्या भागात एक लहर उठते. त्याला स्वतःला कळायच्याही आधी. आम्ही तिला खोटलहर म्हणतो."

"सगळ्यांत उठती?"

"सगळ्यांत. काहींच्यात बेताची, काहींच्यात मोठी. तुमच्यात..." बाईंनी पडद्याकडे पाहिलं. "तुमच्यात पूर आहे, अप्पा."

अप्पा ओशाळून हसले. कुणीतरी भरल्या घरात पायजम्याची नाडी लोंबतेय म्हणून सांगावं, तसे.

"आज दोन गोष्टी करायच्या," शलाका पुढे म्हणाली. "आधी तुम्हाला सहा हजार नमुने दाखवायचे. टाके, रंग, आकार, चेहरे. कशाला तुमची लहर किती उठते, ते यंत्र टिपून घेईल. त्यावरून तुमच्या मनात जो खोट काढणारा बसलाय, त्याची हुबेहूब नक्कल तयार होते. परीक्षक-प्रत म्हणतो आम्ही तिला. ती इथं जपून राहील. मग चाळीस मिनिटं चुंबकाचे हलके ठोके द्यायचे. लहर निवते. ते शमन."

 अप्पांनी, आठवी शिकलेल्या माणसानं, संस्थेत चार वर्षांत कुणी न विचारलेला प्रश्न विचारला.

"मग मला चूक दिसायची न्हाई का?"

"दिसेल," फणसळकर बाई म्हणाल्या. "फक्त टोचणार नाही."

हे वाक्य संस्थेच्या माहितीपुस्तिकेत पहिल्या पानावर ठळक छापलेलं होतं. लिहिलं होतं शलाकानं.

"आन् परत पाहिजे झाली तर?"

"प्रतीवरून परत बसवता येते. पण अर्ज तुमचा लागेल. मुलीचा चालणार नाही."

तो नियमही शलाकाचाच. पहिल्याच वर्षी एक बाई येऊन धाय मोकलून रडल्या होत्या: नवरा शमन करून गेल्यापासून रोज गाऊन फोनवरच्या गटात टाकतो, शेजारी ऐकतात, त्याचं लाजणं तेवढं परत बसवून द्या. नवरा बापडा शेजारी बसून गुणगुणत होता. तेव्हा शलाकानं नियम करून घेतला, की अर्ज ज्याचा त्यानंच करायचा. आणि कुणी ढकलून आणलेलं नाही याची खात्री म्हणून, अर्जाच्या वेळी त्याला खरोखरच काही उणं वाटतंय का, हे यंत्रानं तपासायचं. नियम सगळ्यांना आवडला. चार वर्षांत एकाही माणसानं लहर परत मागितली नव्हती. वार्षिक अहवालात हे शून्य मोठ्या अक्षरांत छापत.

अप्पांनी मान मागे टेकली. "करा सुरू," ते म्हणाले.

शलाकानं बापाला तिथं का आणलं, ते आता सांगायला हवं.

'हातचं' नावाचा एक गट होता. घरी बसून काहीबाही बनवणाऱ्यांचा. कुणी काड्यांची घरं, कुणी लोकरीचे पक्षी, कुणी बुचांच्या बैलगाड्या करून फोटो टाकत आणि इतर लोक मत देत. पावणेदोन लाख माणसं. अप्पा त्यात बारा वर्षं होते. दुसऱ्यांच्या कामाखाली ते नेमानं दोन ओळी लिहीत, 'दोरा बदला, बाकी उत्तम' अशा. स्वतःचं मात्र त्यांनी काहीही टाकलं नव्हतं. एकदा त्यांचा फोन दुरुस्त करताना शलाकाला दिसलं, की त्यांनी एकाच कामाचा फोटो एकसष्ट वेळा चढवून, टाकायच्या आधी, एकसष्ट वेळा काढून घेतला होता.

काम होतं हिरव्या रेक्झीनवर. बसच्या सीटचा दोन हात बाय तीन हाताचा जुना तुकडा, त्यावर रंगीत दोऱ्यांनी भरलेली बसची खिडकी. आडवा गज, गजावर बाईचा हात, हिरव्या बांगड्या, खांद्यावरचा पदर. सगळं असं, की हात लावला तर बांगड्या किणकिणतील. आणि पदराच्या वर, चेहऱ्याच्या जागी, भोकं.

चेहरा महानंदेचा होता. शलाकाची आई. शलाका तीन वर्षांची असताना ती वारली. तेराव्याला मोठा फोटो करून आणावा म्हणून अप्पा घरातले सगळे फोटो एका पिशवीत घालून निघाले आणि पिशवी बसमध्ये विसरले. ज्या आगारात परक्यांच्या छत्र्या वर्षवर्ष सांभाळून ठेवत, तिथं हीच पिशवी आली नाही. नातेवाइकांच्या फोटोंत महानंदा कायम कुणाच्यातरी मागे आणि पदर तोंडाशी. म्हणजे तिचा चेहरा जगात एकाच ठिकाणी उरला होता: अप्पांच्या डोक्यात. तिथूनही तो सरळ बाहेर येत नसे. डोळे मिटून सांगा म्हटलं तर अप्पांना सांगता येत नसे. चुकीचा टाका पडला की मात्र ते ताडकन म्हणत, "ही ती न्हाई," आणि तेवढी ओळ उसवत. बरोबर आलेली ओळ ठेवत. बारा वर्षांत डावी भिवई आणि कानातली कुडी एवढंच टिकलं होतं. रेक्झीन म्हणजे कापड नव्हे. कापडातून सुई काढली की विणकाम पुन्हा मिटतं. रेक्झीनला भोक पडलं की पडलं.

"टाका ना तेवढंच," शलाका म्हणे. "भोकांसकट टाका."

"लोक काय म्हणतील? बायकोला तोंड न्हाई?"

"मग पूर्ण करा."

"करतोच आहे की गं. मरायच्या आत दाखवायचीय मला ती लोकांना. तुलापण."

त्या शेवटच्या एका शब्दासाठी शलाकानं त्यांना खुर्चीत बसवलं.

शमन झालं त्या रविवारी अप्पांनी दुपारी सुई हातात घेतली आणि चहाच्या वेळेला हाक मारली. "ये, बघ. झाली."

रेक्झीनवर एका बाईचा चेहरा होता. गोल, नीटनेटका, कॅलेंडरवरच्यासारखा हसरा. शलाका बराच वेळ बघत राहिली. आई आठवत नसलेल्या मुलीनं काय ताडून बघायचं? पण तिला एक गोष्ट खटकली. बारा वर्षं टिकलेली डावी भिवई जागेवर नव्हती.

"भिवई उसवलीत?"

"दुसरीशी जमंना म्हणून सारखी केली. चालतंय की."

'चालतंय की' हे शब्द शलाकानं बापाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. ती काही बोलायच्या आत त्यांनी फोटो काढून 'हातचं'वर टाकलासुद्धा. बासष्टाव्या खेपेला.

तासाभरात खाली दोनशे चौदा वेळा 'वा!' आलं. अप्पा एकेक वाचून दाखवत होते. तोच शब्द दोनशे चौदा वेळा वाचायचा कंटाळा त्यांना आला नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांचा तो चेहरा बघून शलाकालाही सुरुवातीला बरंच वाटलं. एकाहत्तराव्या वर्षी माणूस असा लखलखताना किती घरांत बघायला मिळतो?

मग तिला कुंदाताई बेडेकरांचा 'वा!' दिसला. चिपळूणच्या कुंदाताई म्हणजे 'हातचं'वरचा दरारा. कुणाच्याही कामातला सैल टाका त्यांना फोटोतून दिसायचा आणि त्या नवशिक्याला रडवायच्या. मग तोच नवशिका महिन्यानं दुप्पट चांगलं काम घेऊन यायचा. शलाकानं त्यांची मागची मतं चाळली. मार्चपर्यंत ओळीच्या ओळी: 'डाव्या पंखाचा ताण बघा', 'हे घाईत केलंय, खोटं बोलू नका'. मार्चनंतर फक्त 'वा!' लोकरीच्या फाटक्या पक्ष्याखाली 'वा!' आणि अर्धवट बैलगाडीखालीही 'वा!' तिनं संस्थेची यादी काढली. कुंदा बेडेकर, शमन, चार मार्च. मग तिनं बाकीच्या दोनशे तेरांची नावं ताडून पाहिली. एकशे नव्वद जण यादीत होते.

"आपण म्हणतो चूक दिसते, फक्त टोचत नाही," दुसऱ्या दिवशी ती फणसळकर बाईंना म्हणाली. "मॅडम, ते चुकलंय. टोचणं म्हणजेच दिसणं होतं. दुसरं काही दिसणं तिथं नव्हतंच. आणि दुसऱ्याच्या कामातली चूकही आपल्याला तिथंच टोचते, आपल्याच हातून झाल्यासारखी."

"तुझे वडील आनंदात आहेत?"

"आहेत."

"झोप? जेवण?"

"उत्तम."

"मग दुखतंय कुणाला?" बाईंनी चष्मा काढला. "शलाका, रागावू नकोस. तुझीही लहर जरा जास्तच आहे. कधीही खुर्ची रिकामी असली की सांग."

शलाकानं अप्पांना अर्जासाठी आणायचं ठरवलं. पण ते आनंदात होते, तिचा पाय निघेना. आज उद्या करता करता दिवाळी गेली. तोवर अप्पांनी गटात चौतीस कामं टाकली होती, दिवसाआड एक असा सपाटा. शेवटच्यात हाताला सहा बोटं होती.

"तुला बरं वाटत असंल तर करतो की सही," अप्पा म्हणाले. "त्यात काय एवढं."

ते खुर्चीत बसले. खुर्चीची कडेची शिवण उसवली होती. बरोबर त्यांनी बोट ठेवलं होतं तिथं. आतला स्पंज वीतभर बाहेर लोंबत होता. अप्पांनी त्या स्पंजावरच हात ठेवला आणि आरामात बसून राहिले. शलाका वाट बघत होती. त्यांनी खाली बघितलंच नाही.

यंत्रानं त्यांना त्यांचीच चौतीस कामं दाखवली आणि लहर मोजली. मग पडद्यावर निर्णय उमटला. त्यातला शब्दन् शब्द शलाकानंच कधीतरी लिहून दिलेला होता:

'अर्जदारास काहीही उणे वाटत नाही. अर्ज इतरांच्या आग्रहावरून केलेला दिसतो. नामंजूर.'

"आता लहर निववलेल्या माणसाला उणं वाटणार कुठून?" ती फणसळकर बाईंना म्हणाली. आवाज चढला होता. "हा नियम कुणालाच कधी पार करता येणार नाही!"

"नियम तुझा आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि नैतिक समितीनं तो जसाच्या तसा उचललाय. आता बदलायचा तर चार वर्षांच्या शून्याचा अर्थ सगळ्यांना नव्याने सांगावा लागेल. सांगशील?"

"सांगेन."

"सांग. समितीतल्या पाचांपैकी चौघांचं शमन झालंय. त्यांना सगळं ठीकच वाटेल."

राहता राहिली प्रत.

अप्पांची परीक्षक-प्रत संग्रहात तशीच होती, शमनाच्या अर्धा तास आधीची. तिला काही बनवता येत नव्हतं. तिला फक्त नाही म्हणता येत होतं. बनवायला शलाकानं रूपजनित्र आणलं. ते यंत्र न थकता चेहरे रचतं, आणि आपण काय रचलं हे त्याला कळत नाही. एकाला अक्कल नाही, दुसऱ्याला हात नाहीत. तिनं दोन्ही जोडली. जनित्रानं चेहरा पुढे करायचा, प्रतीनं लहर उठवायची, जिथं उठली तेवढंच जनित्रानं बदलायचं. अप्पा बारा वर्षं हेच करत होते. त्यांच्या हाताला एका ओळीला आठवडा लागे, यंत्राला क्षणही लागत नव्हता.

पहिल्या दिवशी नव्वद लाख चेहरे आले आणि गेले. नाही, नाही, नाही. शलाका समोर बसून होती. आलेखाच्या त्या चढत्या रेघांत तिला अप्पांचा आवाज ऐकू येत होता: ही ती न्हाई. किती दिवसांनी ऐकला! चौथ्या दिवशी सकाळी अकराला रेघ खाली आली, आणखी खाली आली आणि आडवी झाली.

पडद्यावर एक बाई होती. सुंदर म्हणावी अशी नाही. खालचा ओठ किंचित एका बाजूला, कपाळ अरुंद, डाव्या डोळ्याखाली बारीकसा खड्डा. कुणीतरी पुढे हसू नये असं काही बोललंय आणि ही हसू दाबतेय, असं तोंड. असा चेहरा कुणी कल्पनेनं काढणार नाही.

शलाकाला रडू आलं नाही. तिला शंका आली. लहर उठली नाही म्हणजे हीच, हे कशावरून? प्रतच बिघडली असली तर?

मग तिला भोकं आठवली. शमनाच्या दिवशी सोबत आणलेल्या वस्तूंची नोंद करायची म्हणून संस्थेनं त्या रेक्झीनची बारकाईनं छायाप्रत घेतली होती. प्रतीला ती कधीच दाखवली नव्हती. शलाकानं ती बाहेर काढली. चेहऱ्याच्या जागेत एक हजार नऊशे सहा भोकं. त्यातलं प्रत्येक भोक म्हणजे बारा वर्षांत कधीतरी अप्पांनी म्हटलेलं एक 'न्हाई'. तिनं पडद्यावरचा चेहरा त्या मापाचा केला आणि भोकांवर अलगद ठेवला.

ओठाची ओळ भोकांच्या दोन रांगांमधून गेली. हनुवटीची ओळ गेली. डोळ्याखालचा खड्डा भोकांच्या मधल्या मुगाएवढ्या कोऱ्या जागेत जाऊन बसला. डावी भिवई जुन्या भिवईवर दोरा न् दोरा जुळली. एकोणीसशे सहांपैकी एकाही भोकाला चेहऱ्याची एकही रेघ शिवत नव्हती.

आता तिला रडू आलं.

अप्पा गॅलरीत बसून पस्तिसावं काम करत होते. शलाका त्यांच्या शेजारी खाली बसली आणि तो चेहरा लावलेली काचेची पाटी त्यांच्यासमोर धरली.

अप्पांनी सुई खोचून ठेवली. चष्मा पुसला.

"आगं," ते म्हणाले. "ही तर महानंदा."

"नक्की?"

"नक्की म्हंजे? हीच की. कुठं घावली तुला?" त्यांनी पडद्यावर बोट फिरवलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत. "तुला म्हणलं होतं का न्हाई, दाखवीन म्हणून? बघ. ही तुझी आई."

शलाकानं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा तिला आई होती, आणि ती ओळखणारा माणूसही शेजारी होता. दुसरी कुणी मुलगी असती तर तिथंच थांबली असती. पण शलाकाचं आयुष्य प्रयोगशाळेत गेलं होतं. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे तिच्या हाडात होतं. आणि तिची स्वतःची लहर अगदी शाबूत होती.

तिनं डोकं उचललं आणि दुसरा चेहरा लावला. पहिल्या दिवशीचा, नव्वद लाखांतला सगळ्यात पहिला. तो बघून प्रतीनं एवढी लहर उठवली होती, की आलेखाची रेघ चौकटीबाहेर गेली होती.

"हीच की," अप्पा म्हणाले, तितक्याच मायेनं. "हीपण महानंदाच."

 शलाकानं गळ्यातलं संस्थेचं ओळखपत्रांचं पाकीट उघडलं. तिच्या कार्डामागं फणसळकर बाईंचं जुनं, फोटोचं कार्ड राहिलेलं होतं. तिनं ते पुढे धरलं.

अप्पांनी ते जवळ घेऊन बराच वेळ बघितलं.

"चष्मा लागला होता व्हय तिला?" ते म्हणाले. "असंल. हीच."

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. अप्पा खुशीत होते. त्यांनी फोन उचलून तिन्ही चेहऱ्यांचे फोटो घेतले.

"तिन्ही टाकतो गटात," ते म्हणाले. "लोकांना बघू दे की."

त्यांनी तिन्ही टाकले. शेजारी बसल्या बसल्या शलाकाच्या फोनवर ते उमटले आणि खाली मोजणी सुरू झाली. कुंदाताईंचा पहिला 'वा!' खऱ्या चेहऱ्याखाली आला, दुसरा भलत्याच बाईखाली, तिसरा फणसळकर बाईंखाली. मग बाकीचे, तिन्हीकडे सारखेच, वाढून वाढून एकाच आकड्यावर.

शलाकानं पहिल्या चेहऱ्याखालची चौकट उघडली. 'हीच माझी आई,' तिनं लिहिलं. वाचलं. पुसलं. 'तिघींपैकी ही खरी,' असं लिहिलं. तेही पुसलं. भोकांचं लिहिलं, प्रतीचं लिहिलं, कोण मानणार म्हणून पुसलं. मानणार नाहीत हा धोका नव्हताच; मानतील, आणि उरलेल्या दोघींनाही मानतील. तिचं बोट काचेवर अडून राहिलं.

"काय गं, लिहितीस न् पुसतीस?" अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात कीव होती. "टाक की बिनधास्त. तूपण जाऊन बस एकदा त्या खुर्चीत. लई बरं वाटतं."

शलाकानं पुन्हा लिहिलं आणि पुन्हा पुसलं. ही चौथी वेळ होती.